नावाची किंमत

धम्मानंद लातूरच्या एका खासगी कॉलेजात तासिका तत्त्वावर संगणक शिकवतो. म्हणजे कॉलेजला सुट्टी लागली की ह्याची चूलही सुट्टीवर. माणूस मूळचा किनवटकडचा, जिभेनं तिखट. गेल्या वर्षी त्याला एक खूळ लागलं. लिस्प नावाची जुनी संगणकभाषा आहे, सगळी कंसांची. तिचा खेळण्यातला इंटरप्रिटर, म्हणजे ओळी वाचून चालवणारा प्रोग्राम, तो स्वतःच लिहायला बसला. लिहिलेल्या ओळीतून यंत्र उत्तर कसं काढतं, ते आधी आपल्याला कळावं, मग पोरांना सांगावं, हा हेतू. खऱ्या-खोट्यासाठी शब्द ठेवले ‘हाव’ आणि ‘न्हाई’. एक कंस हरवला की दिवसभर शोधायचा. बायको पंचशीला म्हणायची, “किराण्याचं बी असंच ध्यानात ठेवत जावा.”

नावांचं प्रकरण त्याला फार आवडलं. ओळीत एखादं नाव आलं की यंत्र त्याची किंमत, म्हणजे त्या नावानं ठेवलेला आकडा, आधी आतल्या घेऱ्यात शोधतं. तिथं नसली तर बाहेरच्या, मग त्याच्याही बाहेरच्या. कुठंच नसली तर अडून बसतं.

अशात कॉलेजात कायम जागा निघाली. पंचशीलानं शर्टाला इस्त्री केली आणि बजावलं, “आज जीभ घरी ठेवा.”

मुलाखतीला संस्थेचे भुजंगराव बसले होते.

“पूर्ण नाव?”

“धम्मानंद साहेबराव.”

“आडनाव?”

“लावत नाही.”

“गाव?”

“किनवटजवळ.”

“गावात कुठं?”

“विहाराच्या मागं.”

“असं व्हय,” म्हणत भुजंगराव खुर्चीत मागं टेकले. “बरं, ते तुमचं खेळणं काय करतं म्हणे?”

“तुम्ही आत्ता केलं तेच, साहेब. नावाची किंमत कळेपर्यंत बाहेर-बाहेर शोधत जातं. फरक एवढाच, किंमत सापडली की त्याचं काम सुरू होतं. तुमचं संपलं.”

जागा भुजंगरावांच्या भाच्याला, सत्यमला गेली. पेढे मुलाखतीआधीच सांगून ठेवले होते, असं हलवाईच सांगतो. धम्मानंदच्या तासिका कमी झाल्या. पोरांसाठी कॉलेजच्या संगणकांवर टाकलेला इंटरप्रिटर मात्र तसाच राहिला. आता सत्यम तोच शिकवतो.

परवा त्याचा फोन आला. “सर, तुमचा प्रोग्राम अडकून राहिला. ‘नाव सापडलं न्हाई’ म्हणतोय.”

“तुमचं पूर्ण नाव काय म्हणालात?”

सत्यमनं आडनावासकट सांगितलं.

“मग तुमचं कशाला अडंल?” म्हणून धम्मानंदनं फोन ठेवला.

पंचशीला ऐकत होती. “तोंडी लावायला झालं,” ती म्हणाली. “आता भाकरीचं बघा.”