देवबाग: चंद्रावरची शीळ थांबण्याची वाट पाहताना

"गुरुवारी थंय काळोख पडतलो. माका एकटीक भय दिसता. येतलंस मां?" फोनवर फिलोमिना एवढंच म्हणाली. पन्नास वर्षांपूर्वी बोर्डिंगमध्ये माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारी ही फिलू अँटेना शिकवून निवृत्त झाली आणि देवबागला माहेरी परतली. तिच्या जुन्या विद्यार्थ्यांची एक छोटी गाडी सध्या चंद्रावर फिरते आहे. तिचं बोलणं ऐकणारी डिश फिलूने आखली आहे. मी बॅग भरली.

कोल्हापूरहून पाच तास लागले. घाट चालू आहे का, ते आधी विचारून निघा. तारकर्लीपुढे रस्ता इतका अरुंद, की समोरून टेम्पो आला की कोणीतरी मागे जायचं. एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र. सुट्टीत होमस्टे लवकर भरतात. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं मात्र घरगुतीच खा.

गुरुवारी सकाळी समुद्रावर अर्धा चंद्र होता, धुऊन विटल्यासारखा. अंगणात, माडांच्या मध्ये, दोन माणसं निजतील एवढी डिश. वाऱ्याने फाटलेली तिची तारेची जाळी शेजारचा बाबलो बोटांनी चाचपत ओवत होता. त्याचा जन्म मासेमारीची जाळी विणण्यात गेला.

"भोक मोठा ठेव नको, रेडिओची लाट निसटात," फिलू म्हणाली.

"माका शिकवतंस? आमच्या जाळ्यात पेडवे गावनत नाय, आणि हिका चंद्र होयो!"

"गप ओव रे!"

स्पीकर लावला. खरखर, आणि तिच्या तळाशी एक बारीक शीळ. ती त्या गाडीची हाक होती.

"थंय आता सूर्य बुडता," फिलू म्हणाली. "झोपाचो हुकूम धाडलो आसा. शीळ थांबली तर गाडी उन्हाचे पंख मिटून झोपली. नाय थांबली तर बॅटरी संपान मरतली."

जन्मभर ऐकण्यासाठी डिश घडवणारी बाई आज शांतता मागत बसली होती.

अकरा वाजले. चंद्र पाण्यापासून चार बोटं वर. शीळ चालूच. वारा पडला, समुद्राची गाजही दूर गेल्यासारखी वाटली. बाबलोने कोणाला न विचारता टोपी काढली आणि गाऱ्हाणं घातलं, "बा म्हाराजा! ह्या लेकरू थंय एकटा आसा. तेका थंडी लागा नको, तेका नीज पडांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आमेन म्हणत वाढलेल्या आम्ही दोघी एकदम म्हणालो.

शीळ नेमकी कधी थांबली, तिघांनाही सांगता आलं नाही. ती कानात राहिलीच होती. फिलूने डिशच्या मधल्या कानासमोर तळहात धरला. खरखर वाढली. "माझ्या हाताची ऊब," ती म्हणाली. "डिश ऐकता आसा. म्हणजे गाडीच गप झाली."

"झोपली?"

"झोपली काय गेली, ता आवाजावरसून कळाचा नाय."

मग चंद्र बुडाला.

घरी येऊन पंधरा दिवस झाले. पंखा बंद झाला की मी अजून दचकते. देवबागची वाळू चपलांतून केव्हाच झडली, हे दचकणं मात्र जात नाही.

चंद्रावरची चौदा दिवसांची रात्र संपून काल तिथे सूर्य उगवला. फिलूने फोन लावून स्पीकरजवळ धरला. नुसती खरखर. आम्ही दोघी ती ऐकत राहिलो, फोन कोणीच ठेवला नाही.

"पुरता उजाडूक नाय अजून," शेवटी ती कुजबुजली.