माईंचा अंगठा आणि डॉक्टरांचं इंग्रजी

मुक्ता आणि ईशान,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांबरोबर पंचेचाळीस वर्षं संसार केला, त्यांनाही नाही. तुमच्या बाबाला तर वाटतं की त्याच्या आईला खोटं बोलताच येत नाही. बिचारा.

मग आत्ताच का? ईशान, तुझ्या अंगठ्यामुळे. गेल्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर तू पाय थेट कॅमेऱ्यासमोर धरलास, आणि माझ्या चहासमोर गाजरासारखा लाल, टम्म फुगलेला अंगठा आला. फुटबॉलचे बूट एक नंबर लहान होते, पण रंग आवडला म्हणून घेतले — हे कारण ऐकून तू आमच्याच घरातला आहेस याची खात्री पटली. तेवढ्यात मुक्ता मागून ओरडली, "आजी, तुझी ती नखांची पद्धत सांग ना, सगळी! मला शाळेत त्यावर बोलायचंय — माझ्या आजीचा शोध!"

शोध! मी "नेट जातंय गं" म्हणाले आणि फोन ठेवला. नेट कुठेही गेलं नव्हतं.

पण आधी अंगठा. कबुली थांबू शकते — पन्नास वर्षं थांबली आहे — अंगठा थांबत नाही. तर, दिवसातून तीन वेळा कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून पंधरा मिनिटं बैस. मग नीट कोरडा कर, बोटांच्या मधेसुद्धा. कातडी मऊ झाली की रुतलेला कोपरा हलक्या हाताने उचलायचा आणि त्याखाली स्वच्छ कापसाची बारीक वात सरकवायची. ती रोज बदलायची. दुखलं तर सोडून द्यायचं, जोर करायचा नाही. सुईने, कात्रीने, कशानेही कोपरा कोरायचा नाही. ते सुंदर बूट कुणाला तरी देऊन टाक. पू दिसला, लाली पायावर चढू लागली किंवा ताप आला तर आजीचं पत्र वाचत बसू नकोस, डॉक्टरकडे जा. माझ्यासारखी साखर असलेल्या माणसाने तर पहिल्याच दिवशी जायचं. आणि बरं झाल्यावर नख कापायचं ते सरळ, आडवं, फार खोल नाही. दोन्ही कोपरे जागेवर दिसले पाहिजेत.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाच. माझं सगळं प्रकरण त्या कोपऱ्यांपासून सुरू झालं.

मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. चादरीचा कोपरा लोंबलेला दिसला तर मी पाहुण्यांना उठवते. डाळीच्या डब्यांवर नावं, नावांखाली तारखा. हे वेड माहेरचं. औरंगाबादला इंग्रजी शाळेत दर सोमवारी सिस्टर आमची नखं तपासत. नख अर्धचंद्रासारखं गोल नसेल तर पट्टी. ती हाताची नखं होती. पायाचं शास्त्र वेगळं असेल अशी शंका मला कधी आली नाही. का यावी? मी वर्गात पहिली यायचे!

अशी मी लग्न होऊन गेवराई तालुक्यात, आपल्या गावी आले. माझ्या सासूबाई म्हणजे तुमच्या पणजी, त्यांना सगळं गाव माई म्हणायचं. अंगाने भरलेल्या, आवाजाने त्याहून. मला त्यांची भीती वाटायची, आणि त्यांना माझ्या इंग्रजीची. एकमेकींना चुकवत आमचं छान चाललं होतं.

घरातल्या बायकांची नखं काढायला महिन्यातून एकदा गयाबाई यायची. तिचा नवरा गावचा न्हावी. पुरुषांकडे तो आणि बायकांकडे ती. काळीसावळी, बुटकी, हसताना तोंडावर पदर धरणारी. धोकटीतून, म्हणजे हत्यारांच्या पिशवीतून, नखं काढायची नराणी बाहेर काढायची — चपटी, पोलादी, बोटाएवढी — आधी उकळत्या पाण्यात बुडवायची, मग हात चालवायची. गावात मुलीचं लग्न ठरलं की हळदीच्या सकाळी नवरीची नखं काढायचा मान तिचा. त्याबद्दल तिच्या ओटीत खण-नारळ घालत. ती तो खण मिरवायची. तिच्या अंगावरची प्रत्येक चोळी कुणाच्या लग्नातली ते तिला पाठ होतं.

गयाबाई नखं सरळ काढायची. कोपरे तसेच. मला ते बघवत नसे. पट्टी लावून फाडलेल्या कागदासारखं दिसायचं ते नख!

आता — हं. आता सांगते.

लग्नाला सहा महिने झाले असतील. दुपारी जेवणं झाली आणि माई ओसरीवर झोपल्या. चारच दिवसांपूर्वी गयाबाई नखं काढून गेली होती. माईंचा पाय गोधडीबाहेर होता, आणि अंगठ्याच्या नखाचा कोपरा गोधडीच्या दोऱ्यात अडकला होता. मी दोरा सोडवला. तिथेच थांबायला हवं होतं, नाही का? पण माझ्या हातात भरतकामाची कात्री होती, वाकड्या टोकाची. मी तो कोपरा कापला. मग दुसरा. मग वाटलं दोन्ही बाजू सारख्या नाहीत, म्हणून अजून थोडं, आत. माई घोरत होत्या. अंगठा इतका सुबक दिसायला लागला की मी मान तिरकी करून दोनदा पाहिला. माईंना काही कळायचा प्रश्नच नव्हता. डोळ्यांत मोतीबिंदू होता, आणि डोळे आणि पाय यांच्या मधे पोट होतं.

पंधरा दिवसांत अंगठा सुजला. नख वाढलं ते मांसात. मग गाव लोटलं. कुणी म्हणालं नखुरडं आहे, कुणी म्हणालं नजर. लिंबाला भोक पाडून ते अंगठ्यावर टोपीसारखं चढवलं. चार दिवस माई ओसरीवर लिंबू घातलेला पाय पुढे करून बसल्या, आणि आल्यागेल्याला दरडावून सांगत, "हासू नगं. हासलास तर उठून मारीन." उठता येत नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून सगळे पोटभर हसत. मीसुद्धा हसले. फक्त अंगठ्याकडे न बघता.

पाचव्या दिवशी पू आला आणि आम्ही माईंना गेवराईच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर तरुण, केरळकडचे, मराठी जेमतेम "कुठे दुखते" एवढं. मी इंग्रजीत बोलल्यावर त्यांचा चेहरा असा खुलला की जणू बहीण भेटली. घरातले सगळे दाराशी उभे राहून अभिमानाने ऐकत होते. माई तर आजूबाजूच्या पेशंटला सांगत होत्या, "आमची सून हाय."

डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन देऊन नखाची रुतलेली कड काढली. मग बोट दाखवत मला इंग्रजीत म्हणाले — शब्द अजून जसेच्या तसे कानात आहेत, मराठीत सांगते — "यांची बाकीची नखं उत्तम कापलेली आहेत. जो कापतो त्याला पुढेही कापू द्या. फक्त या अंगठ्याचे कोपरे कुणीतरी नंतर खोल कापलेत. त्या माणसाला पुन्हा हात लावू देऊ नका."

माईंनी विचारलं, "का गं, काय म्हनला त्यो?"

सगळे माझ्याकडे बघत होते. इंग्रजी कळणारे तिथे दोघंच, आणि त्यातल्या एकाला मराठी येत नव्हतं. किती सोपं होतं ते, कळतंय ना तुम्हाला?

मी म्हणाले, "डॉक्टर म्हणतात, नराणी घाण होती."

झालं. एवढंच वाक्य. डॉक्टरांनी मान डोलावली — त्यांना वाटलं, मी नीट समजावून सांगितलं.

त्यानंतर गयाबाईला आमच्या घरी बोलावणं गेलं नाही. गल्लीतल्या आणखी काही घरांनीही हळूहळू थांबवलं. मोठ्या घरात झालं ते खरंच असणार. दोन महिन्यांनी माझ्या नणंदेचं, शकूचं लग्न आलं. ही तुमची माजलगावची शकूआजी. हळदीच्या सकाळी अंगणात बायका जमलेल्या, आणि गयाबाई आली. न बोलावता आली. डोक्याला तेल, नवी चोळी, हातात धोकटी. तिला वाटलं असावं, राग नखांपुरता आहे, मान कसा जाईल?

माईंनी तिला पायरीवरच थांबवलं. "तुजी नराणी नगं आता या घरात. डाक्टरनं सांगितलंय."

गयाबाई म्हणाली, "माई, मी कोपरा कदीच कापत न्हाई."

एवढंच. तिने माईंचा अंगठा पट्टी बांधायच्या आधी पाहिला होता, गावाने पाहिला तसाच. पण गावाला सूज दिसली. तिला ते गोल कापलेले कोपरे दिसले असणार, आणि असं गोल कोण कापतं हे माझ्या हाताच्या नखांवरून कळलंही असणार. ती माझ्याकडे बघत होती. मी हळदीची वाटी धरून उभी. तिने माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही? घेतलं असतं तरी कुणी ऐकलं नसतं म्हणून? की मी नवी सून, माझं काय होईल म्हणून? पन्नास वर्षं मी हा प्रश्न घोळवते आहे आणि प्रत्येक उत्तरात ती माझ्याहून चांगलीच निघते.

ती पायरी उतरली. आणि माई मला म्हणाल्या, "तूच काढ गं शकूची नखं. तुला कळतं सगळं." मी काढली. खण-नारळ माझ्या ओटीत पडला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण उलटं माहीत आहे. मी माईंची नखं काढू लागले ती गयाबाईसारखी, सरळ, कोपरे ठेवून, सगळं आधी उकळून घेऊन. माईंचा अंगठा पुन्हा कधी दुखला नाही. त्या जन्मभर सांगत राहिल्या, "सुनेनं इंग्रजी पुस्तकात वाचलंय." गावच्या बायका दुखरी बोटं घेऊन माझ्याकडे येऊ लागल्या. मिठाचं पाणी आणि कापसाची वातही गयाबाईचीच. ती शकूच्या अंगठ्याला करताना मी पूर्वी शेजारी बसून पाहिलं होतं. दोष तिला दिला आणि विद्या माझ्या नावावर लावली. पुस्तक मी कधी वाचलंच नाही. "आजीची पद्धत" ती हीच, मुक्ता.

इथवर लिहिलं आणि शनिवारी मधेच उठून शकूला फोन लावला. म्हटलं, जिचं लग्न होतं तिला तुमच्याआधी कळलं पाहिजे. सगळं सांगितलं. पलीकडे आधी नुसता कुकर वाजला. मग शकू म्हणाली, "अगं बया! म्हंजी डाक्टर तसं बोललाच न्हवता?"

"नाही."

"वैनी, गयाबाईनंच माजी नखं काढावी म्हनून मी आईच्या पाया पडलते. तुमाला ठावं हाय का?"

मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं.

"ल्हानपनापासून तिनंच काढली. तुमी काढली तवा लई वढली होती. रगत आलतं. नवरीनं बोलू न्हाई म्हनून गप ऱ्हाईले." आणि मग, "ठिवते. कुकर झाला."

शकू रोज सकाळी दहाला फोन करते, भाजी काय केली ते विचारायला. आज बुधवार. फोन आलेला नाही. मी चहाचा कप घेऊन दहाला फोनपाशी बसते आणि साडेदहाला उठते.

भीती वाटत होती म्हणून खोटं बोलले, हे खरं आहे. पण भीती दोन महिन्यांत गेली होती. माई मला जीव लावू लागल्या होत्या. त्यानंतरची सगळी वर्षं मी गप्प बसले ती कौतुक गोड लागत होतं म्हणून. मुक्ता, शाळेत काय बोलायचं ते तू ठरव.

माई गेल्या, तुमचे आजोबा गेले. गयाबाई जाऊन नऊ वर्षं झाली. मी तिच्या दारापर्यंत गेले नाही, ती असतानाही नाही आणि नंतरही नाही. तिची लेक सुमन चकलांब्याला दिलेली आहे. मागच्या उन्हाळ्यात तिकडे एका लग्नाला गेले होते, तेव्हा पाहिलं. ज्यांना वाकता येत नाही अशा म्हाताऱ्या बायकांची नखं ती घरोघरी जाऊन काढते. आधी पाणी उकळते. मग सरळ काढते, कोपरे ठेवून.