चंदूकाकांचा मंजूर झालेला अर्ज

कोर्टाच्या फाटकाबाहेर, ताडपत्रीखाली चंद्रप्रकाश राण्यांचं टायपिंगचं टेबल आहे. आमच्या विक्रोळीच्या चाळीत ते चंदूकाका. त्यांनी लिहिलेला अर्ज नामंजूर होत नाही, असा लौकिक होता आणि काकांना तो जरा जास्तच आवडायचा. पक्षकाराने तासभर दुःख सांगावं, काकांनी ते चार ओळींत गुंडाळावं. रडगाणं गाळायचं, मागणी लहान करायची, की साहेबांची सही ठरलेली.

समोरच्या खोलीत भाड्याने राहणारी नेत्रा एमएस्सीला होती. तिच्या घरच्यांची जुनी चाळ पाडून बिल्डरने कबूल केलेली खोली दिलीच नाही, म्हणून तिच्या आजीने दावा लावला. आजी गेली, आता आई सुगंधा तारखांना जाते. असे दावे अडतात तरी कुठे, हे नेत्राला एमएस्सीच्या प्रकल्पात शोधायचं होतं. जुन्या प्रकरणांचे सगळे कागद संगणकाला वाचायला द्यायचे आणि वर्षं कुठल्या टप्प्यावर जातात ते काढायचं. त्यासाठी कोर्टाची परवानगी लागणार होती. अर्ज लिहायला काकांशिवाय दुसरं कोण?

"सगळ्या कागदांच्या प्रती, संगणकावर विश्लेषण... अगो, मोठां मागलंस तर सायेब बिचकतत," काका म्हणाले. "बारीक माग, गावता."

"पण काका, मला तेच हवंय ना!"

"आधी दार उघडू दे. मगे आत जावन माग काय ता."

काकांनी लिहिलं, अभ्यासासाठी जुनी प्रकरणं पाहण्याची परवानगी मिळावी. नेत्राने सही केली. काकांच्या अर्जावर चाळीत हुज्जत कोण घालणार?

अर्ज मंजूर झाला. काकांनी चाळभर पेढे वाटले. संध्याकाळी नेत्राने आदेश वाचून दाखवला. रेकॉर्ड रूममध्ये बसून एका वेळी एकच फाइल पाहता येईल. प्रत नाही, फोटो नाही, कुठलंही यंत्र नाही.

"वाट लागली सगळी," ती म्हणाली. काकांनी हातातला पेढा परत डब्यात ठेवला.

दुसरा अर्ज काकांनी तिने सांगितला तसाच, एक शब्दही न बदलता टाइप केला. उत्तर आलं, याच विषयावर परवानगी दिलेली असल्याने नव्या अर्जाची आवश्यकता नाही. कॉलेजची मुदत संपत आली होती. नेत्राने प्रकल्पासाठी कुठल्याशा दुकानांच्या विक्रीचे आकडे घेतले आणि ती पास झाली. ती काकांवर रागावली नाही, आणि तेच त्यांना फार लागलं.

"एवढां मोठां आपणाक कोण देता, असां वाटलां रे," ते एकदा मला म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. आम्ही सगळेच आमच्या मागण्या त्यांच्याकडून लहान करून घेत आलो होतो.

गेल्या महिन्यात सुगंधाची तारीख होती. सोबत मी गेलो होतो. तिला एक अर्ज द्यायचा होता. काकांनी खुर्ची पुढे सरकवली. "बरे आहात ना, काका?" असं विचारून ती शेजारच्या टेबलावर जाऊन बसली. तिथला टायपिस्ट तरुण, पण धंदा काकांचं बघूनच शिकलेला.

"थोडक्यात लिहू ना, मावशी?" त्याने विचारलं.

"नको रे," सुगंधा म्हणाली. "सगळं लिही."