लाल जॅकेटवाला तैस्तो

युहान्नुसच्या, म्हणजे भर उन्हाळ्यातल्या सणाला आमच्या उत्तरेकडे अंधार पडत नाही. सूर्य तळ्यावर टेकतो आणि तिथेच रेंगाळतो. दारोदारी भूर्जाच्या डहाळ्या उभ्या राहतात, सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरांच्या धुराड्यांतून धूर निघतो, काठावर होळी रचली जाते आणि होड्या पाण्यात उतरतात. त्या होड्यांपाशी इतकी वर्षं लाल लाईफ जॅकेट घातलेला तैस्तो उभा असायचा.

तैस्तो सुतार. गावातल्या निम्म्या होड्या त्याच्या हातच्या, म्हणून कुणालाही तो हक्काने अडवायचा.

"लाईफ जॅकेट कुठाय? बाटली काठावर ठेव. आणि होडीत उभा राहू नकोस."

लोक कुरकुरायचे, पण ऐकायचे. आमच्या तळ्याने सणाला कुणाला नेलं नव्हतं, आणि त्याचा मान आम्ही तैस्तोला द्यायचो.

गेल्या युहान्नुसला तो सौनातून निघाला आणि लावलेलं जाळं बघायला होडी घेऊन गेला. पोटात बिअर होती. हाकेच्या अंतरावर तर जायचं, म्हणून जॅकेट खुंटीलाच राहिलं. तिथे त्याला लघवी लागली. आमच्याकडचे पुरुष जे करतात तेच त्याने केलं. होडीच्या कडेशी उभा राहिला, आणि होडी कलली.

शेजारच्या यार्मोने त्याला कॉलर धरून बाहेर ओढलं. सगळं गाव होळीभोवती जमलेलं. तैस्तो वाळूवर पाणी ओकत पडला होता आणि त्याच्या पँटची बटणं उघडी होती. त्याच्या बायकोने, हेल्वीने, अंगातला स्वेटर काढून त्याच्यावर टाकला. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर तो मान खाली घालूनच वावरला. दुकानात गर्दी दिसली की बाहेर थांबायचा. यंदा सण आला तेव्हा हेल्वी म्हणाली, "चल ना."

"कुठल्या तोंडाने येऊ?"

"आहे त्याच. दुसरं कुठून आणणार?"

तो आला, पण लाकडाच्या ढिगाआड उभा राहिला. होड्यांपाशी कुणीच नव्हतं. यार्मोने आपल्या छोट्या लेकीला, वेन्लाला, उचलून होडीत बसवलं आणि स्वतःही चढला. तळ्यातून होळी छान दिसते. दोघांच्याही अंगावर जॅकेट नव्हतं. यार्मोच्या हातात बाटली होती.

तैस्तोने इकडेतिकडे पाहिलं. कुणीतरी बोलेल असं त्याला वाटलं. कुणी बोललं नाही. इतकी वर्षं ते त्याचंच काम होतं.

तो पुढे आला आणि होडीचा दोर धरला. "यार्मो, पोरीला जॅकेट घाल."

"तू आधी बटणं लाव."

आता मात्र गाव हसलं. वर्षभर दाबलेलं हसू, ते लवकर थांबेना. तैस्तोचे कान तांबडे झाले, पण दोर त्याने सोडला नाही.

"लावलीत," तो वाळूकडे बघत म्हणाला. "येताना झाडामागे जाऊन आलो. तूही जाऊन ये."

यार्मो होडीतून उतरला. मग त्याने बाटली काठावर ठेवली आणि खरंच झाडांकडे गेला. वेन्लाने हात वर केले. तैस्तोने तिला जॅकेट घातलं आणि यार्मो परत येईपर्यंत तिचे पट्टे आवळत राहिला. पट्टे केव्हाच आवळून झाले होते. त्याला मान वर करायची नव्हती, एवढंच.