आवाज चढवायची खूण

प्रार्थनाघराच्या मागच्या कोपऱ्यात मिक्सर मांडून साउंडवाला बसायचा. माइकनं शिट्टी मारली की सगळे वळून त्याच्याकडे बघायचे. एरवी तो आहे हेही कोणाच्या लक्षात नसायचं. ते त्याला बरं वाटायचं. लग्न केलं नाही. विधवा बहिणीकडे वरच्या खोलीत राहायचा. "आमच्या दादाचा संसार वायरींशी," ती म्हणायची. "गुंता सुटला की भांडण मिटलं."

मिक्सरच्या शेवटच्या चॅनेलला काहीच जोडलेलं नव्हतं, तरी त्याचा दिवा लुकलुकायचा. त्यानं नवा मिक्सर आणला. त्यातही तेच. हेडफोन लावला की श्वास ऐकू यायचा, गाण्याआधी छाती भरून घेतात तसा.

कोणाचा ते त्याला माहीत होतं. समूहगानात एकजण खर्ज लावायचा, त्याला खर्जवाला म्हणत. तालमीनंतर तो वायरी गुंडाळायला थांबायचा, आणि गुंडाळून झाल्या तरी थांबायचा. मग कोणीतरी काहीतरी पाहिलं. प्रार्थनाघराच्या प्रमुखांनी, ज्यांना सगळे नुसतं 'मोठे' म्हणत, खर्जवाल्याला शुद्धीसाठी व्यासपीठामागच्या खोलीत नेलं. बाहेर सभा गात होती. मोठ्यांच्या गळ्यातला माइक चालूच होता, पण तो फक्त साउंडवाल्याच्या कानात. "दुसरा कोण? नाव सांग." खर्जवाला सांगेना. दारातून मोठ्यांचा हात वर झाला. आवाज चढवायची ती खूण. साउंडवाल्यानं गाणं इतकं चढवलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. नाव शेवटपर्यंत बाहेर आलं नाही. हृदय बंद पडलं, असं सभेला सांगण्यात आलं.

त्यानंतरही साउंडवाला येत राहिला. सोडलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं. देव सगळं ऐकतो, असं त्याला लहानपणापासून सांगितलेलं होतं. आता त्याला त्याचीच धास्ती वाटायची.

एकदा कपड्यांच्या घड्या घालता घालता बहीण म्हणाली, "मोठ्यांशी बोलले मी. या रविवारी शुद्धीला नेणार आपल्या पोरीला."

"कशाला?"

"तिच्या त्या मैत्रिणीपायी. लग्नाचं काढलं की म्हणते, झालंय असं समज." तिनं डोळे पुसले. "तू असतोस तिथे, म्हणून मला घोर नाही."

तेव्हा सांगता आलं असतं. "माइकच्या बॅटऱ्या आणायच्यात," म्हणून तो जिना उतरला.

भाची नर्स होती. आईनं अन्न सोडलं म्हणून आली. त्याच्या टेबलापाशी थांबून तिनं विचारलं, "मामा, किती वेळ चालतं हे? दुपारी ड्यूटी आहे मला."

"होईल लवकर," तो म्हणाला.

सभा गाऊ लागली. हेडफोनमध्ये मोठे विचारत होते, "कोणी लावलं तुला हे? नाव सांग."

"कोणी नाही. माझं मीच."

काहीतरी आपटलं. दारातून हात वर आला. साउंडवाल्यानं आवाजाच्या सरकत्या बटणावर बोट ठेवलं, आणि त्याच्या बोटावर दुसरं बोट टेकलं. गार. ते वर ढकलत नव्हतं, खालीही नाही. नुसतं टेकलेलं.

त्यानं गाणं खाली ओढलं आणि मोठ्यांचा माइक सभेला खुला केला.

लोक चार शब्द गाऊन थांबले. स्पीकरमधून भाची कण्हत होती. तिच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, जाड, खर्जातला. "नाव नाही सांगणार." जुन्या लोकांनी माना खाली घातल्या. त्यांनी तो ओळखला होता.

साउंडवाल्यानं स्वतःचा माइक चालू केला. "नाव माझं आहे," तो म्हणाला. "त्याच्याबरोबरचा दुसरा मी."

पहिल्या रांगेतून बहीण उठली. मोठ्यांना बाजूला सारून तिनं लेकीला बाहेर आणलं. लेकीच्या ओठातून रक्त येत होतं. दोघी टेबलाशी आल्या तेव्हा बहीण थांबली.

"दादा, खर्जवाल्याच्या वेळी हेडफोन होता तुझ्या कानावर?"

"होता."

"सगळं ऐकू येत होतं?"

"सगळं."

ती लेकीचा ओठ पदरानं टिपत राहिली.

"तू आवाज चढवलास," ती म्हणाली, "तसं आम्हीही मोठ्यानं गायलो. मला वाटलं होतं, आतल्या खोलीतून काहीतरी ऐकू येतंय."