अण्णा माझे जोडीदार झाले तेव्हा

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मला शिंगं फुटली होती. इंग्रजी फाडफाड बोलता यावं म्हणून मी नाशकातल्या कॅनडा कॉर्नरजवळचा एक क्लास लावला, आणि महिन्याभरात अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तोच लावला. ते ओझरच्या विमान कारखान्यात फिटर होते. बढतीची मुलाखत इंग्रजीत होणार होती आणि वयामुळे ती त्यांची शेवटचीच संधी होती. पहिली पाळी करून, तेलकट डागांच्या कपड्यांतच ते वर्गात यायचे. मी त्यांना अट घातली की तिथं ओळख दाखवायची नाही. ते नुसते बरं म्हणाले. आडनाव एकच, पण त्या आडनावाची नाशकात शंभर घरं, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. सुटल्यावर ते स्कूटर घेऊन पुढच्या वळणावर थांबायचे, आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून मी मागं बसायचो. हे लिहितानाही मला लाज वाटते.

एकदा सरांनी तुलनेची क्रियाविशेषणं शिकवली. मोअर कुठं, मोस्ट कुठं, हे फळ्यावर झालं आणि त्यांनी जोड्या लावल्या. जोडीदार एखादी गोष्ट आपल्यापेक्षा कशी करतो ते उभं राहून सांगायचं. नेमके अण्णा माझ्या वाट्याला आले. मी चिडलोच. उठलो आणि झोकात म्हणालो, "ही स्पीक्स मोअर स्लोली दॅन मी." वर्ग हसला. मला आणखी चेव आला. "ही स्पीक्स मोस्ट स्लोली इन द क्लास."

मग अण्णा उठले. बाकाची कड धरून एकेक शब्द जुळवत म्हणाले, "ही लर्न्स फास्टर दॅन मी. ही वर्क्स हार्डर दॅन मी." दुसरं वाक्य धादांत खोटं होतं. मी सकाळी आठपर्यंत लोळायचो आणि तोवर त्यांच्या पाळीचा एक तास झालेला असायचा.

सरांनी कौतुकानं विचारलं, तुम्ही एकमेकांना ओळखता का? अण्णांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"नाही सर," ते म्हणाले. "इथंच बघतो रोज."

वळणापर्यंत जाताना मी शरमेनं अर्धा झालो होतो. त्यांनी एक ठेवून दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी किक मारली, मी नीट बसेपर्यंत थांबले आणि मान न वळवता म्हणाले, "उद्यापासून जरा भरभर बोलून बघतो. लय हळू होतंय माझं. बरं केलंस सांगितलंस."