छोटे सर

आमच्या कॉलेजात फुटबॉलचे दोन सर आहेत, मोठे आणि छोटे. ही नावं पोरांनी ठेवलेली, त्यांचा वयाशी काही संबंध नाही. चाळिशी ओलांडलेला मी छोटे सर, आणि माझ्याहून चांगलाच तरुण माणूस मोठे सर. हे पचायला मला जड गेलं, आधीच सांगून टाकतो.

छोटे सर नेमकं करतात काय, असं सासरची माणसं अजून विचारतात. मैदानावर चुन्याच्या रेषा मारतो, चेंडूत हवा भरतो, लंगडणाऱ्याच्या घोट्यावर बर्फ धरतो, कंडक्टरशी गोड बोलून चेंडूंची जाळी एसटीत चढवतो. बचावाची फळी मीच उभी करतो, पण ते बाहेरून दिसत नाही. संघ जिंकला की मोठे सर मधोमध उभे राहतात आणि फोटो मी काढतो. "म्हणजे चपराशीच का मंग?" मेहुण्यानं एकदा विचारलं. तसंच समज म्हटलं. त्याच्याशी कोण डोकं लावेल!

मी मूळचा सिंदीचा. घरी वांगी, पालक, मेथी. वडील बाजाराला बसायचे आणि मी शाळेमागच्या पटांगणात चेंडू बडवायचो. वर्ध्याला कॉलेजात लेफ्ट बॅक खेळलो. गुडघा गेला तेव्हा बी.पी.एड. केलं, समुद्रपूरला एका शाळेत रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी कबड्डी शिकवली. मग माझ्या जुन्या कोचचा फोन आला. ते आर्वीकडच्या एका कॉलेजात होते. "मले माणूस पाहिजे, येजो," म्हणाले. गेलो, आणि तिथलाच झालो. दर वर्षी नेमणुकीची नवी ऑर्डर, दर वर्षी तेच काम.

हे जुने सर माणूस म्हणून चांगले. शिकवताना हातचं कधी राखलं नाही. पण कोचिंगच्या लायसन्सचा कोर्स निघाला की त्यांचं एकच उत्तर असायचं, "औंदा संघ कोन पाहीन? पुढच्या वर्षी जाजो." पुढच्या वर्षीही तेच. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठे सर व्हायचं माझ्या मनात पक्कं होतं, आणि सर गेल्यावर ती खुर्ची आपलीच, असं धरून चाललो होतो.

सर निवृत्त झाले त्या दिवशी संस्थेच्या सचिवांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता तुयंच आहे सारं. अर्ज देजो." मी अर्ज दिला. बायकोनं नवा ट्रॅकसूट आणला. मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, लायसन्स आहे का? नाही म्हटलं. पुढचे प्रश्न विचारायचे म्हणून विचारले. जागा कोल्हापूरच्या एका लायसन्सवाल्याला गेली.

मला राग आला. रडूही आलं, पण ते बाथरूममध्ये. आठवडाभर मैदानाकडे फिरकलो नाही. बायकोला म्हटलं, सिंदीला जाऊन वांगी लावतो. ती म्हणाली, "लावा, पण वांग्याले शिट्टी नका वाजवू." पुढल्या सोमवारी मी परत चुना मारत होतो.

नवे सर वाईट असते तर बरं झालं असतं. ते निघाले मोकळे, मेहनती, आणि मला सगळ्यांसमोर "सर" म्हणणारे. पोरांत मिसळायचं म्हणून आमची बोली शिकायला लागले. "काऊन रे, उशीर काऊन?" पोरं खूश. महिन्याभरात त्यांचं "मले-तुले" सुरू झालं. मला आधी हसू यायचं, मग सवय झाली.

यंदा आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या सेमीफायनलला शेवटी शेवटी बरोबरी होती. आमचा स्ट्रायकर एकटा सुटला, समोर फक्त गोलकीपर. सर रेषेवरून जीव तोडून ओरडले, "मारजो! मारजो!" पोरानं पाय आवरला, चेंडू थोडा पुढे घेतला, आणि गोलकीपरनं झेप घेऊन तो उचलला. उलट्या चालीत आमच्यावरच गोल झाला. हरलो.

दुपारच्या एसटीनं परत येताना सरांनी त्याला जवळ बोलावलं. "काऊन नाई मारला?"

"तुमीच त म्हणलं सर, मारजो." पोरगं रडकुंडीला आलं होतं.

"मग?"

पोरगं माझ्याकडे पाहू लागलं. मी सरांना सांगितलं, "आमच्याकडे 'मार' म्हणजे आत्ता मार. 'मारजो' म्हणजे मारशील नंतर, जमेल तसं. त्यानं तुमचं ऐकलं."

सर कपाळावर हात मारून हसत सुटले. सगळी गाडी हसली, पोरगंही हसलं. मी सगळ्यात जास्त हसलो.

हसणं ओसरल्यावर सर माझ्या शेजारी येऊन बसले. "एक विचारू? तुम्हाला माझ्याइतकं येतं, काही बाबतीत जास्तच. लायसन्स का नाही काढलंत?"

"मले जाजो म्हणलं होतं," मी म्हणालो. ठरवून नाही, तोंडातून निघून गेलं. आणि मग खिडकीबाहेर पाहावं लागलं.

सर फोन काढून कुणाशी तरी बराच वेळ बोलले. नागपूरला कोर्स सुरू होत होता, एकानं नाव मागे घेतलं होतं.

"जागा आहे," ते म्हणाले. "जा."

"अन् संघ?"

"मी आहे ना. तुम्ही जा."

घरी आलो. बायको भाजी निवडत होती. हरलो म्हणून सांगितलं, मग कोर्सचं सांगितलं. तिनं मान वर केली नाही. अशा बातम्या तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या.

"कधी?" तिनं विचारलं.

"परवा सकाळी," मी म्हणालो.

तिचे हात थांबले.